क्वानकाका तोंड उघडेनात

पक्षाघाताचा झटका आल्यानंतर क्वानकाकांचा एकच हात चालत होता, डावा, आणि इस्पितळात नेमका तोच बांधून ठेवला होता. जाडजूड पांढरा मोजा, आत बोटं मिटलेली, मनगटाशी पट्टा आणि पट्ट्याचं दुसरं टोक पलंगाच्या गजाला. काकू ते बघून जागच्या जागी थांबल्या.

"सुएत, यानं कुणावर हात उगारला का गं?" त्यांनी मलाच विचारलं.

मी काय सांगणार? मी त्यांची शेजारीण, समोरच्या दारातली. सोबत म्हणून गेले होते. पलीकडच्या पलंगाची चादर बदलणारी नर्स म्हणाली, "हात नाही उगारला, आजी. नाकातली नळी उपटतात ते. घातली की उपटतात. नळी नसली तर पोटात अन्न जायचं कसं? घशातला जोर गेलाय त्यांच्या."

काका डोळे उघडे ठेवून पडले होते. बोलणं जवळजवळ गेलेलं. काकूंनी गालावर हात ठेवला तसं त्यांनी आधी त्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं, मग काकूंकडे, मग पुन्हा हाताकडे.

"मेल्या, असा बघू नकोस माझ्याकडे," काकू म्हणाल्या आणि तिथेच उभ्या उभ्या रडायला लागल्या.

कौलूनमधली आमची सरकारी इमारत जुनी आहे. लांबच लांब व्हरांडा आणि ओळीनं दारं. दिवसा आतलं लाकडी दार उघडं ठेवतात आणि लोखंडी जाळी तेवढी ओढून घेतात. त्यामुळे कुणाकडे काय शिजतंय आणि कोण कुणावर खेकसतंय ते सगळ्या मजल्याला कळतं. क्वानांकडे खेकसणं जरा जास्तच. काका सारी उमर लाल मिनीबस चालवत आले. काकू कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला होत्या, आणि कारखाने सीमेपलीकडे चीनमध्ये गेल्यावर एका शाळेत झाडलोट करायला लागल्या. एकच मुलगी, मानयी. ती लग्न होऊन पार तुन मुनला राहायला गेली.

काकांचं एक खूळ होतं, बीफ-होफन. तांदळाच्या त्या रुंद, मऊ पट्ट्या आणि बीफचे पातळ काप, मोठ्या जाळावर सोया सॉसमध्ये परतलेले. दोन फेऱ्यांच्या मधे ते खाली चहाच्या हॉटेलात जाऊन हेच खायचे, आणि तेही कोरडं. रस्सा घातलेलं ताटात आलं तर परत पाठवायचे. सुट्टीच्या दिवशी काकू घरी करायच्या तेव्हा तर रंगतच यायची.

"हे काय गं, शिवलंस की काय? सगळ्या पट्ट्या एकमेकींना जोडून टाकल्यास!"

"मग जा खाली. त्या हॉटेलवाल्याशीच लग्न लाव."

"त्याला मिशा आहेत."

"तुला चालतील!"

आणि एवढं बोलून झाल्यावर काका ताट चाटूनपुसून साफ करायचे. मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून हसायचे.

तर असा माणूस इस्पितळात बांधून पडलेला. त्या दिवसानंतर काकूंनी एकच धोशा लावला: घरी न्यायचं, नळी काढून न्यायचं. मानयी ऑफिसातून थेट इस्पितळात यायची, तिनं खूप समजावलं. "आई, नळी काढली तर बाबा जगणार नाहीत. हात काय आज ना उद्या सोडतील."

"कधी सोडतील? नळी घशात रुळेल तेव्हा? नाही रुळायची त्याला. बसमध्ये कुणी मागून खांद्याला हात लावलेला खपायचा नाही, नाकात नळी खपेल?"

डॉक्टर तरुण होता, पण आडपडदा न ठेवता बोलला. अन्नाचा कण चुकून श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होईल. या वयात, या अवस्थेत, त्यातून उठणं अवघड. काकूंनी ऐकून घेतलं. मग एक बाई आल्या, गिळायला शिकवणाऱ्या. त्यांनी काकूंना दाखवलं. माणसाला ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडे झुकवायची, घास अगदी लहान, आणि गळ्यावरची घाटी वर जाऊन खाली आली की मगच पुढचा घास. पाणीसुद्धा घट्ट करून द्यायचं. काकू शिवणाचा नवा टाका शिकताना बघावं तशा लक्ष देऊन बघत होत्या.

काका घरी आले, आणि खरा छळ सुरू झाला.

ते तोंडच उघडेनात.

काकूंनी तांदळाची पेज केली, वस्त्रगाळ. माशाचा काटा न् काटा काढून मासा पेजेत घोटला. वाफवलेलं अंडं केलं, इतकं मऊ की चमच्यावर थरथरायचं. रताळं, लाल भोपळा, काय नि काय. काका पहिला चमचा घ्यायचे, जिभेवर घोळवायचे आणि ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर सोडायचे. दुसऱ्याला ओठ मिटून घ्यायचे. दिवसाकाठी पोटात जायचं ते वाटीभरही नव्हतं. गळ्याखालची हाडं वर आली. त्यांना कुशीवर वळवायला मी जायचे, तेव्हा वळवणं रोज सोपं होत चाललंय हे हाताला कळायचं, आणि काकूंनाही कळत होतं.

एका दुपारी आरडाओरडा ऐकला म्हणून धावले. काकूंनी एका हातानं काकांचं नाक दाबून धरलं होतं आणि दुसऱ्या हातातला चमचा त्यांच्या दातांवर आपटत होता.

"गिळ! गिळ म्हणते ना! उपाशी मरायचंय तुला? माझ्या डोळ्यांदेखत?"

श्वासासाठी काकांचं तोंड उघडलं, पेज आत गेली. त्यांनी ती तशीच बाहेर येऊ दिली, हनुवटीवरून छातीवर. काकूंनी फाडकन त्यांच्या थोबाडीत मारली.

काकांनी डोळे मिटून घेतले. मी टॉवेल घेऊन त्यांची मान पुसली. काकू बाहेर गेल्या त्या आल्याच नाहीत, म्हणून बघायला गेले तर जिन्याच्या पायरीवर बसलेल्या. चमचा हातातच.

"त्यांनी बांधलं म्हणून मी भांडून आणला. आणि मी काय केलं? मारलं. सांग ना सुएत, फरक काय राहिला?"

"काकू, तुम्ही दमलाय."

"दमले तर झोपावं माणसानं. नवऱ्याला मारावं?" त्या चमच्याकडे बघत राहिल्या. "उद्या परत नेते त्याला. घालू देत नळी. बांधू देत. माझ्यानं नाही बघवत."

आणि खरंच त्यांनी मानयीला फोन करून सांगितलं की उद्या सुट्टी घे, बाबांना परत न्यायचंय.

त्या संध्याकाळी मी बेकरीतली पाळी संपवून आले, फार भूक लागली होती. येताना बाजारातून ताजं होफन आणि थोडं बीफ घेतलं होतं. झटपट होणारं दुसरं काही मला सुचत नाही. बीफचे काप सोया सॉस, चिमूटभर साखर, कॉर्नफ्लोअर आणि तेल लावून ठेवले. कढई धूर निघेपर्यंत तापवली. काप टाकले, हलवले, अर्धे कच्चे असतानाच काढले. मग कांदा, मुगाचे मोड, वर होफन, कडेनं काळा सोया सॉस. तो तापलेल्या लोखंडावर पडला की जो चुर्रकन वास सुटतो, तो माझ्या जाळीतून बाहेर गेला असणार, कारण ताटात वाढतेय तोच काकूंची हाक आली. हाक कसली, किंकाळी होती.

"सुएत! ताट घेऊन ये! आहे तसं घेऊन ये!"

मी गेले. काका खुर्चीत बसले होते आणि त्यांचं डोकं दाराकडे वळलेलं होतं. झटक्यानंतर ते डोकं आपणहून कुठे वळवलेलं मी पाहिलं नव्हतं. मी ताट जवळ नेलं तसं त्यांचं तोंड उघडलं.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. ताटातलं सगळं चिवट, निसरडं, तेलकट, म्हणजे त्या बाईंनी देऊ नका म्हणून बजावलेलं सगळं. काकूंनी शिवणाची कात्री आणली, गरम पाण्यानं धुतली आणि एका पट्टीचे बारीक बारीक तुकडे केले. चमच्याच्या टोकावर थोडेसे घेतले. हनुवटी झुकवली. दिलं.

काकांनी चावलं. डोळे मिटून, हळूहळू. घाटी वर गेली, खाली आली. पुन्हा तोंड उघडलं.

"बघ! बघितलंस?" काकूंचा आवाज फाटला होता.

दुसरा घासही गेला. तिसऱ्याला ठसका लागला. साधा ठसका नव्हता तो. चेहरा लाल झाला, मग ओठ निळसर. आवाज येईनासा झाला. काकूंनी त्यांना पुढे वाकवलं, मी पाठीवर थापा मारत होते, आणि काकू एकसारख्या ओरडत होत्या, "मी मारलं याला! मी मारलं!" एकदाचा तुकडा बाहेर पडला. काकांनी घशातून भयंकर आवाज काढत श्वास घेतला, नंतर आणखी एक. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काकू त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारून जमिनीवर बसल्या होत्या.

काकांनी डावा हात उचलला आणि ताटाकडे दाखवला.

दुसऱ्या दिवशी मानयी आली तेव्हा काकू म्हणाल्या, "नाही न्यायचं." कारण मात्र सांगितलं नाही.

मग त्यांनी जे सुरू केलं त्याला वेड म्हणायचं की आणखी काही, मला अजून कळलेलं नाही. नवऱ्याला खाता येईल असं बीफ-होफन करायचं. बीफचे काप न करता ते सुरीनं ठेचून ठेचून लोणी करायचं. त्यात अंड्यातला पांढरा भाग आणि कॉर्नफ्लोअर. होफन ताजं, हाताला कोमट लागेल असं. फ्रिजमध्ये ठेवलं की ते ठिसूळ होतं. पहिल्यांदा त्यांनी सगळं रश्शात शिजवलं, मऊ गोळा केला. काकांनी चमच्याला नाक लावलं आणि तोंड फिरवलं.

"कोरडं हवंय का तुला? कोरडं खाल्लंस तर मरशील, मेल्या! कळतंय का?"

काकांच्या घशातून एक आवाज आला. मी घाबरले, वाटलं ठसका. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हसतोय गं तो."

वास रश्शात येत नव्हता, तो करपण्यात होता. ते काकूंच्या लक्षात आलं. मग त्या आधी सगळं कोरडंच परतायला लागल्या, अगदी हॉटेलातल्यासारखं. आमच्या घरच्या शेगडीला जाळ तो केवढा! म्हणून कढई आधी रिकामीच तापवत ठेवायच्या, धूर निघून खिडकीतून बाहेर जाईपर्यंत. एका वेळी मूठभरच पट्ट्या टाकायच्या, म्हणजे कढई थंड पडत नाही. उलथनं नाही, जेवायच्या काड्यांनी अलगद उचलून सोडायचं, म्हणजे तुटत नाही. काकांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात लावलेली असायची, वास थेट नाकात जावा म्हणून. कडांना काळे डाग पडले की उतरवायचं. आणि मग ते परतलेलं सुंदर होफन त्या कात्रीनं कापायच्या, वाटायच्या, अंड्याच्या दाट रश्शात मिसळायच्या. दिसायला ते काहीच्या काही दिसायचं. वास मात्र तोच.

काकांनी ते खाल्लं. मिनीबसमध्ये मागून कुणी "पुढच्या कोपऱ्यावर थांबवा" म्हणून ओरडलं की ड्रायव्हर वळून बघत नाही, नुसता हात वर करतो, ऐकलं म्हणून. काका तसा डावा हात वर करायचे. "गिळलंस?" काकू विचारायच्या. हात वर. "सगळं?" हात वर. मग पुढचा घास. एका वाटीला इतका वेळ लागायचा की शेवटी ती परत गरम करावी लागायची. पण वाटी संपत होती.

सुखाचे दिवस होते म्हणावं, तर तसं नव्हतं. प्रत्येक घासाला काकूंचा जीव गोळा व्हायचा. रोज एखादा ठसका लागायचाच आणि दर ठसक्याला त्या पांढऱ्याफटक पडायच्या. स्वतः जेवायच्या विसरून जायच्या. मी म्हटलं, "काकू, तुम्हीही खा थोडं." तर म्हणाल्या, "माझ्या घशाखाली उतरत नाही. त्याचं उतरलं की माझं उतरेल."

मानयीला एका रविवारी कळलं. न सांगता आली, आणि आई कात्रीनं होफन कापत असलेली तिनं पाहिली.

"आई, हे काय चाललंय? तुला सांगितलं होतं ना डॉक्टरांनी? तू बाबांना मारतेयस!"

"खातोय तो. बघ अंगावर जरा मांस आलंय."

"एक घास चुकला तर? मग काय करशील? सुएतमावशी, तुम्ही तरी!"

मी मान खाली घातली. काकूंनी कात्री ठेवली. "तू त्याचा हात बांधलेला पाहिलास का? मनगटावरचे वळ पाहिलेस?"

"पाहिले." मानयीचा आवाज एकदम खाली आला. "मीच हो म्हटलं होतं बांधायला. त्यांनी फोन करून विचारलं, मी ऑफिसात होते. म्हटलं, बांधा. मला बाबा जिवंत हवे होते, आई. कसेही चालले असते."

मला वाटलं, आता आग भडकणार. पण काकूंनी वाटी उचलली आणि मुलीच्या हातात दिली.

"थोडं थोडं दे. घाटीकडे बघ. घाई करायची नाही."

मानयीनं चमचा भरला, त्यातला अर्धा सांडला. काकांनी तिच्याकडे पाहिलं. खाल्लं. तिनं विचारलं, "बाबा, गिळलं?" हात वर. ती रडत रडत हसली आणि दुसरा घास भरला. वाटी संपायला संध्याकाळ झाली.

चिनी नववर्ष जवळ आलं होतं. व्हरांड्यात शुभशकुनाची म्हणून नारिंगीची झाडं आली, जाळ्यांवर लाल कागद चिकटले. त्याच सुमाराला थंडीची लाट आली आणि काकांना ताप भरला. छातीत घरघर. रुग्णवाहिका बोलावली. इस्पितळात छातीचा फोटो काढला, फुप्फुसाचा एक भाग पांढरा झालेला.

डॉक्टर या वेळी दुसरा होता, वयानं मोठा. त्यानं औषधं सुरू केली आणि म्हणाला की तोंडानं आता काही देता येणार नाही. नळीचं काय ते तुम्ही ठरवा.

काकू लगेच म्हणाल्या, "घाला."

मी आणि मानयी दोघी दचकलो.

"घाला नळी. बांधा हात. दोन्ही हात बांधा, पाय बांधा. मला काही म्हणायचं नाही. माझं चुकलं." त्या डॉक्टरच्या बाहीला धरून बोलत होत्या. "मी पोटभर खाऊ घातलं ना त्याला, त्याची ही शिक्षा. घाला तुम्ही."

"आई," मानयी म्हणाली.

"तूच म्हणाली होतीस! तूच म्हणालीस मी मारतेय म्हणून!"

"म्हणाले होते. तेव्हा मी त्यांना भरवलं नव्हतं." मानयीनं आईचा हात डॉक्टरच्या बाहीवरून सोडवला. "नको आई. नळी नको. मी मुलगी आहे, मीही सांगू शकते. नको."

काकू काकांजवळ गेल्या. त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "तूच सांग. नळी घालू? मेल्या, ऐकतोयस का? हो म्हणायचं तर हात वर कर." काका तोंडानं श्वास घेत होते. हात चादरीवर तसाच राहिला. काकूंनी पुन्हा विचारलं, पुन्हा. मग ओरडून विचारलं. नर्स येऊन त्यांना बाजूला घेऊन गेली.

नळी घातली नाही. काका त्यानंतर थोडे दिवस होते. हात मोकळा होता. काकूंनी कापसाचा बोळा ओला करून ओठ भिजवत बसायचं, एवढंच काम उरलं होतं. शेवटी एका सकाळी, मानयी बाहेर फोनवर बोलत होती आणि काकू बोळा भिजवत होत्या, तेव्हा श्वास थांबला. काकूंच्या ते आधी लक्षातच आलं नाही. त्या ओठ भिजवतच राहिल्या.

क्रियाकर्माच्या वेळी काकांपुढे नैवेद्य म्हणून ठेवायला भाजलेलं डुकराचं मांस, कोंबडी, संत्री आणली होती. काकूंनी त्यात खालच्या हॉटेलातून मागवलेलं बीफ-होफन ठेवलं, कोरडं. मानयीनं बघितलं. काकू म्हणाल्या, "खाऊ दे. आता अडकायचं नाही." एवढं म्हणाल्या आणि कोसळल्याच. आम्ही चार बायकांनी धरून त्यांना बाजूच्या खोलीत नेलं.

नंतरचे महिने वाईट गेले. काकू भेटेल त्याला एकच गोष्ट विचारायच्या: "माझ्या हातचं खाऊन गेला ना तो?" मानयी त्यांना त्या मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यानं समजावून सांगितलं की नळी असती तरी न्यूमोनिया झाला असता, पुष्कळांना होतो, स्वतःची लाळसुद्धा फुप्फुसात जाते. काकूंनी मान डोलवली. लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "चांगला माणूस आहे. पण त्यानं नाही ना भरवलं, मी भरवलं." मला विचारायच्या तेव्हा मी "नाही हो काकू" म्हणायचे. माझा तरी कुठे भरवसा होता? तो ठसका मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता. पण ते दाराकडे वळलेलं डोकंही मीच बघितलं होतं.

मानयीनं त्यांना तुन मुनला चल म्हटलं, त्या गेल्या नाहीत. शेगडी पेटवतात ती चहापुरती. जेवण मी देते किंवा खालून पाव आणतात.

मागच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या येंगबाई लिफ्टपाशी काकूंना भेटल्या. मी बरोबर होते. येंगबाईंच्या आईला झटका आलाय, नाकात नळी आहे, हात बांधलेत. "क्वानकाकू, तुम्ही यातून गेलाय. मी काय करू? काढायला सांगू का नळी?"

"मला विचारू नकोस," काकू फटकन म्हणाल्या. "कुणालाही विचार, मला नको." आणि लिफ्टमध्ये शिरून त्यांनी बटण दाबलं. येंगबाई बिचाऱ्या तशाच उभ्या.

संध्याकाळी काकू माझ्या जाळीपाशी आल्या. "सुएत, तिला काय सांगायला हवं होतं गं?"

"मला नाही माहीत."

"मलाही नाही." त्या जाळीला धरून उभ्या राहिल्या. "हो म्हटलं तर तिची झोप उडणार, नाही म्हटलं तरी उडणार."

दुसऱ्या दिवशी बेकरीतून येताना मला दिसलं, काकू आणि येंगबाई बसथांब्यावर उभ्या आहेत. काकूंनी जाड कोट घातला होता. इस्पितळाकडे जाणारी बस आली, दोघी चढल्या.

रात्री जेवण द्यायला गेले तेव्हा विचारलं, "काय सांगितलंत मग तिला?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "मला काय कळतंय! तिची आई झोपली होती. आम्ही बसलो दोघी." मग ताटावरचं झाकण काढून त्यांनी विचारलं, "आज काय दिलंयस?"